चिखल जाणणारी चोच

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. कर्जतच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या कड्याखाली, राजनाला या कालव्याचं पाणी खाचरांत नुकतंच सोडलं होतं. धुकं इतकं की समोरच्या बांधावरचा माणूस आधी खोकल्यावरून कळावा आणि मग दिसावा. एका खाचरात पॉवर टिलर चिखलणी करत होता आणि त्याच्या मागे गायबगळ्यांची रांग लागली होती. मी शेजारच्या रिकाम्या खाचराकडे पाहत होतो. तिथे दिसण्यासारखं काही नव्हतं. पावसाळी भाताची कापलेली धसकटं, त्यांच्यात साचलेलं घोटाभर पाणी, मधेमधे उघडा पडलेला काळा चिखल. बांधावरून एक पाऊल पुढे टाकलं आणि आठ-दहा हातांवर जमीनच फुटल्यासारखी झाली. 'च्यॅप!' असा खरखरीत, ओला आवाज, तपकिरी पंखांची फडफड, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे अशी नागमोडी झेप, आणि दोन-तीन सेकंदांत पाखरू धुक्यात नाहीसं. तेवढ्या वेळात नीट दिसली ती फक्त चोच. अंगाच्या मानाने फार लांब, सरळसोट, खाली कललेली.

बांधावर गवत कापत बसलेल्या मावशींनी विचारलं, "काय पडलं काय दादा?"

"नाही मावशी, ते पाखरू बघतोय."

"तो होय? तो तर रोज उठतो पायाखालनं. पाणी सोडलं की येतो, पाणी सुकलं की जातो."

मावशींचं हे बोलणं मी जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. मला पुढे जे सांगायचं आहे, त्यातलं निम्मं त्यातच आलं आहे.

हा पक्षी म्हणजे पाणलावा. नाव ज्याने ठेवलं त्याने पक्षी चांगला पाहिला होता. माळावरचा लावा जसा शेवटच्या क्षणापर्यंत गवतात दबून बसतो आणि पाय पडायच्या बेतात असताना भुर्रकन उठतो, तसाच हा पाण्यातला. पाठीवर पिवळसर पट्टे लांबीच्या दिशेने ओढलेले असतात. वाळलेल्या पेंढ्याच्या काड्या पाठीवर पडाव्यात तसे. भात कापलेल्या खाचरात तो बसला की डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही. मी दुर्बिणीतून एका कोपऱ्याकडे वीस मिनिटं टक लावून बसलो आहे, आणि एकविसाव्या मिनिटाला धसकटाने डोळा मिटला, तेव्हा कळलं की ते धसकट नव्हे.

लांब चोचीचे पाहुणे रायगडात पुष्कळ येतात, पण ते बहुतेक किनाऱ्याचे. उरण, आक्षी, रेवदंडा या बाजूला ओहोटीच्या चिखलात कोरल दिसतो. त्याची चोच कोयत्यासारखी खाली वाकलेली, मोठ्या मादीची तर वीतभर. काळ्या शेपटीचा पाणटिवळा उंच पायांवर पोटापर्यंतच्या पाण्यात उभा राहून सरळ चोच बुडवतो. ही मंडळी उघड्यावर थव्याने वावरतात, त्यामुळे तिथे छायाचित्रकारांचीही गर्दी असते. कर्जत-खालापूर समुद्रापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी. इथे लांब चोचीचा मान पाणलाव्याचा, आणि तो एकेकटा, लपून, मुख्यतः पहाटे, सांजेला आणि रात्री चरणारा. म्हणून त्याची वाच्यता कमी.

आता खरा पेच. पाणलावा एक नाही. भाताच्या खाचरातून उठणारा पाणलावा दोन सख्ख्या भावांसारख्या दिसणाऱ्या जातींपैकी कोणताही असू शकतो. एक साधा पाणलावा, ज्याला लिनिअसने १७५८ मध्ये शास्त्रीय नाव दिलं. दुसरा टाचणी-शेपटीचा पाणलावा, सायबेरियात वीण करणारा आणि हिवाळ्यात भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया गाठणारा. दोघांचं वजन साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास, चोच सहा-सात सेंटिमीटर, रंग तोच. बसलेला पक्षी पाहून छातीठोक नाव सांगणारा माणूस भेटला की मी सावध होतो.

फरक आहेत, आणि ते शिकण्यासारखे आहेत. उठताना साधा पाणलावा तो खरखरीत 'च्यॅप' आवाज काढतो, वेडावाकडा उडतो, उंच चढतो आणि लांब जाऊन एकदम खाली पडल्यासारखा उतरतो. त्याच्या पंखाच्या मागच्या कडेला पांढरी किनार असते, धोतराच्या काठासारखी स्पष्ट. पंखाच्या आतल्या बाजूलाही पांढरं दिसतं. टाचणी-शेपटीचा जरा जड उठतो, वळणं कमी घेतो आणि बऱ्याचदा जवळच उतरतो. आवाज तुटका, खालच्या पट्टीतला. पंखाला ती पांढरी किनार नाही, पंखाची आतली बाजू सगळीकडे गडद पट्टेदार, आणि आखूड शेपटीच्या मागे पायांची बोटं पूर्ण बाहेर आलेली. बसलेल्या पक्ष्यात चोचीच्या मुळाशी पाहावं. डोळ्यावरची फिकी भुवई तिथे डोळ्यातून जाणाऱ्या काळ्या रेघेपेक्षा रुंद असेल तर टाचणी-शेपटीचा असण्याची शक्यता जास्त.

आणि शेवटचा पुरावा शेपटीत. साध्या पाणलाव्याच्या शेपटीत साधारण १४ पिसं. टाचणी-शेपटीच्यात सुमारे २६, आणि त्यातली दोन्ही बाजूंची बाहेरची सात-आठ पिसं टाचणीसारखी बारीक, एक-दोन मिलिमीटर रुंदीची. पण ही शेपटी तो उगाच फुलवून दाखवत नाही. मला ती एकदाच दिसली. नाल्याच्या गळतीने झालेल्या डबक्यात दुपारी एक पाणलावा अंघोळ करून काठावर आला, अंग झटकलं, एक पंख ताणला, मग शेपटी पंख्यासारखी उघडून मान वळवून पिसं साफ करू लागला. जेमतेम चार सेकंद. घरी येऊन संगणकाच्या पडद्यावर ते छायाचित्र मोठं करून मी पिसं मोजली. मधली रुंद, तांबूस टोकांची. कडेला गेलं की एकदम काड्या. एका बाजूच्या सात स्पष्ट मोजता आल्या. वहीत त्या हिवाळ्यातल्या अठ्ठावीस नोंदी होत्या. त्यातल्या सव्वीस नोंदींपुढे मी 'पाणलावा, जात अनिश्चित' एवढंच ठेवलं. उरलेल्या दोन नोंदींपैकी ही एक.

त्यातही स्विनहोचा पाणलावा म्हणून तिसरा भाऊ आहे, जो टाचणी-शेपटीच्यापासून हातात धरल्याशिवाय जवळजवळ वेगळा काढता येत नाही. लहान पाणलावा आहे, आखूड चोचीचा, उभ्या उभ्या अंग वरखाली हलवणारा. आणि ज्याला आपण रंगीत पाणलावा म्हणतो तो मुळात पाणलाव्याच्या घराण्यातलाच नाही. त्याचे जवळचे नातलग कमळपक्षी. तो इथेच राहणारा, इथेच वीण करणारा. त्याच्यात मादी देखणी आणि अंडी उबवायची ती नराने. तो उडतो तेव्हा पाय लोंबकळतात, वेग मंद असतो. त्याला एकदा उडताना पाहिलं की पुन्हा गफलत होत नाही.

'अनिश्चित' लिहिण्याचा मी एवढा आग्रह का धरतो, त्याला कारण आहे. पातळ चोचीचा कोरल नावाचा एक पक्षी होता. दिसायला आपल्या मोठ्या कोरलसारखाच, फक्त लहान आणि सडपातळ. त्याची घरटी शास्त्रज्ञांना फक्त सायबेरियातल्या तारा गावाच्या परिसरात, १९०९ ते १९२५ या काळात मिळाली. तो भूमध्य समुद्राभोवती हिवाळा काढायचा. इतर कोरलांच्या थव्यात मिसळलेला असल्याने तो किती उरला आहे याचा अंदाज वेळेवर आला नाही. शेवटची निर्विवाद नोंद फेब्रुवारी १९९५ ची, मोरोक्कोतल्या मेर्जा झेर्गा या खाजणातली. पुढे तीस वर्षं लोक शोधत राहिले, आणि २०२५ मध्ये तो अधिकृतपणे नामशेष ठरला. एका जातीच्या नावाखाली दुसरी मोजली गेली की घट वेळेवर कळत नाही. चुकीची खात्रीशीर नोंद ही न केलेल्या नोंदीपेक्षा वाईट.

चोचीकडे परत येतो, कारण हा सगळा पक्षी त्या चोचीभोवती घडला आहे. लांब चोच पाहून वाटतं ती टणक असेल, भाल्यासारखी. तसं नाही. तिचं टोक मऊ, लवचिक असतं. कातडीखाली मधमाश्यांच्या पोळ्यासारखे बारीक खळगे असतात आणि त्यांत दाब आणि कंप ओळखणारी चेतातंतूंची टोकं भरलेली असतात. मेलेल्या पक्ष्याची चोच वाळली की हे खळगे नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. म्हणजे चोचीचं टोक हे त्याचं बोट आहे. अंधारात चिखलात खुपसलं की जवळपास गांडूळ सरकतं आहे की अळी, हे त्याला न बघता कळतं. आणखी विशेष म्हणजे तो बाकीची चोच मिटलेली ठेवून फक्त टोक उघडू शकतो. सहा सेंटिमीटर चिखलाखाली पूर्ण चोच उघडायची तर केवढा जोर लागेल! हा नुसतं टोक उचलतो आणि भक्ष्य चिमटीत धरतो. चोच खाली असताना डोळे मात्र आभाळावर असतात, कारण ते डोक्याच्या बाजूला बरेच मागे आणि वर बसवलेले आहेत. शिकारी पक्ष्याचा मागोवा त्याला मान न वळवता मिळतो.

तो चरताना पाहायचा असेल तर सांजेला बांधाआड बसून राहावं. अंधार पडू लागला की धसकटं चालू लागतात. एक पाऊल, चोच उभी आत, वर, पुन्हा आत, मग पुढचं पाऊल. लावणीच्या दिवसांत बायका ओळीने रोप रोवत मागे सरकतात, त्याची लय मला दर वेळी आठवते. चिखल तोच, खाचर तेच. फक्त हा पुढे सरकतो.

अशा चोचीला कडक जमीन चालत नाही. मऊ टोकाने वाळलेली माती फोडता येत नाही, आणि माती वाळली की गांडुळंही खोल जातात. टाचणी-शेपटीचा थोडा कोरड्यात निभावून नेतो, वरवरचे किडे टिपतो. ऑगस्टअखेर-सप्टेंबरात तोच आधी येतो, भात उभा असताना. साधा पाणलावा मागाहून येतो आणि त्याला ओल लागतेच.

आता भूगोल बघा. कर्जतला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण दसरा-दिवाळी उलटली की हा सगळा भाग भराभर वाळतो. भात कापून झालं की उरलेल्या ओलीवर वाल टाकतात, आणि वालाला शेंगा धरेपर्यंत खाचराला भेगा पडलेल्या असतात. निसर्गाच्या हिशोबाने पाणलाव्याने डिसेंबरात इथून उठायला हवं. खालापूरच्या बऱ्याच गावांत तसंच होतं. इर्शाळगडाखालच्या खाचरांत नोव्हेंबरात उठणारे पाणलावे मला जानेवारीत तिथे मिळाले नाहीत. मिळाले ते मोरबे धरणाच्या मागे सरकणाऱ्या पाण्याच्या काठाला आणि ओढ्याच्या पाझरांवर.

कर्जतच्या पूर्वपट्ट्यात मात्र ते टिकतात, आणि त्याचं कारण घाटावर आहे. मावळातल्या आंद्रा नदीवर ठोकरवाडीला टाटांचं धरण आहे. आंद्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. त्या पाण्याची वाट बंगालच्या उपसागराची. पण ते बोगद्यातून आणि नळांतून घाटाच्या कड्यावरून पाचशे मीटरहून जास्त खाली भिवपुरीच्या वीजघरात आणलं जातं. भिवपुरी सुरू झालं १९२२ मध्ये. त्याआधी १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं होतं, ज्याचं पाणी पाताळगंगेला जातं. वीज करून झाल्यावर भिवपुरीचं पाणी पेज नदीला आणि राजनाल्याला मिळतं, आणि राजनाल्यावर कर्जतचा शेतकरी उन्हाळी भात करतो. मुंबईच्या गिरण्या आणि गाड्या चालाव्यात म्हणून जे पाणी पश्चिमेला वळवलं, त्याच्या उरलेल्या धारेवर जानेवारीत पुन्हा चिखलणी होते, आणि सायबेरियाकडून आलेल्या पाखराच्या चोचीखालची माती मऊ राहते. शंभर वर्षं ही व्यवस्था चालू आहे. ती पाणलाव्यासाठी कुणी केली नव्हती.

म्हणून मावशींचं म्हणणं खरं. पाणी सोडलं की येतो. नाल्याची दुरुस्ती लांबली आणि पाणी उशिरा आलं तर त्या खाचरांत पाणलावे उशिरा दिसतात, हे मी दोन हिवाळ्यांत पाहिलं. कोणत्या बाजूच्या चाऱ्या साफ झाल्या आहेत हे पाणलावे कुठे उठतात यावरून सांगता यावं, इतकं हे नातं सरळ आहे. हे पाणी पुन्हा भीमा खोऱ्याकडे वळवावं अशी मागणी घाटावरून अधूनमधून होते. दुष्काळी तालुक्यांची तहान मोठी आहे, त्यांच्या मागणीला चूक म्हणवत नाही. पण हिशोब मांडायला बसतील तेव्हा राजनाल्याखालचं भातही त्यात धरलं जावं, आणि त्या भाताआडचा पक्षीही.

एके काळी या पक्ष्याला बंदूक घेऊन आलेला माणूस नीट ओळखायचा. अठराव्या शतकात हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी पाणलाव्याच्या शिकारीला जात. इतक्या वेड्यावाकड्या उडणाऱ्या पाखरावर नेम धरणं हे मोठं कसब मानलं जाई. इंग्रजीत पाणलाव्याला स्नाइप म्हणतात, आणि लपून अचूक गोळी घालणाऱ्याला आज जगभर स्नायपर म्हणतात तो शब्द या शिकारीतूनच रुजला. ए. ओ. ह्यूम, तोच पुढे काँग्रेसच्या स्थापनेतला, याने मार्शल या सहलेखकाबरोबर १८७९ ते १८८१ मध्ये हिंदुस्थानातल्या शिकारी पक्ष्यांवर तीन खंड काढले. पाणलाव्यांच्या जातींतला फरक, त्यांच्या शेपटीची पिसं, कोण ओल्यात बसतो आणि कोण कोरड्यात, याची कितीतरी माहिती त्या काळच्या मारलेल्या पक्ष्यांवरून जमली. पिसं मोजायला पक्षी हातात होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पुढे ती शिकार गुन्हा ठरली, आणि ते योग्यच झालं. आज तेच काम चांगल्या छायाचित्राने होतं. उठताना पंखाची मागची कड आली की झालं. मोबाइलवर आवाज टिपला तरी खूप. मात्र एकाच पक्ष्याला पुन्हा पुन्हा उठवू नये. शंभर ग्रॅमच्या जिवाला प्रत्येक झेप महाग असते, आणि परतीच्या प्रवासासाठी त्याला इथेच चरबी साठवायची असते.

तो प्रवास केवढा असतो, याची कल्पना त्याच्या एका चुलतभावावरून येते. स्वीडनमध्ये मोठ्या पाणलाव्यांना अगदी हलकी नोंदणी-यंत्रं लावली होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हे पक्षी सुमारे ६,८०० किलोमीटरपर्यंतचं अंतर दोन ते चार दिवसांत, जवळजवळ न थांबता कापून आफ्रिकेत उतरलेले दिसले. वेग ताशी ९७ किलोमीटरपर्यंत. कर्जतच्या चिखलात गुबगुबीत दिसणारं, आठ हातांवरून उठून पन्नास हातांवर दडणारं पाखरू त्याच घराण्यातलं आहे.

आणि आपल्याकडे 'च्यॅप'पलीकडे गप्प असणारा हा पक्षी विणीच्या प्रदेशात आभाळ घुमवतो. साधा पाणलावा उंचावरून सूर मारताना शेपटीची कडेची दोन पिसं बाजूला काढतो आणि त्यातून वारा गेला की शेळीच्या बेंबटण्यासारखा आवाज उठतो. हा आवाज गळ्यातला की पिसांचा, यावर युरोपात बराच वाद झाला. एकोणिसाव्या शतकात मेवेस नावाच्या अभ्यासकाने ती पिसं काठीला बांधून हवेत फिरवली आणि तोच आवाज काढून दाखवला. काश्मीर-लडाखच्या दलदलीतही हा पक्षी वीण करतो, तेव्हा हा घुमारा ऐकायला परदेशी जायची गरज नाही.

आता कर्जत-खालापुरात काय चाललं आहे ते सगळ्यांना दिसतं. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गाचं काम, तिसऱ्या मुंबईच्या जाहिराती, शेतघरं, बंगल्यांचे प्रकल्प. डोंगराला निदान थोडं कवच आहे: माथेरान २००३ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य १९६८ पासूनचं. डोंगराखालच्या खाचराला काहीच नाही. भारताच्या २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत व्याख्येतूनच भाताची शेतं वगळली आहेत. याच्या उलट रामसर कराराने २००८ मध्ये दक्षिण कोरियातल्या चांगवॉन परिषदेत भातखाचरं ही पाणथळ जागाच आहेत आणि त्यांतली जीवविविधता जपली पाहिजे असा ठराव केला, आणि भारत त्या कराराचा सदस्य आहे. ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला, फ्लेमिंगोंना माणसं ओळखू लागली, याचा आनंदच आहे. पण पाणलाव्याची खाडी म्हणजे कुणाच्या तरी सात-बाऱ्यावरचं दहा गुंठ्यांचं खाचर. त्यावर चार डंपर मुरूम पडला की ती खाडी संपली. मोर्चा निघत नाही, बातमी येत नाही, कारण तिथे पक्षी होता हेच कुणाला ठाऊक नसतं.

मी पहिल्यांदा ज्या खाचरात पाणलावा पाहिला ते आज तारेच्या कुंपणाआड आहे. आत भराव टाकून हिरवळ लावली आहे, तिला रोज पाणी मिळतं. पण हिरवळीखाली मुरूम आहे, आणि मुरमात चोच शिरत नाही.

शेतकऱ्याला जमीन विकू नको म्हणण्याचा अधिकार मला नाही. मजुरी परवडत नाही, मुलं कर्जत लोकलने नोकरीला जातात, उन्हाळी भाताचा मेळ बसत नाही, हे त्याच बांधांवर बसून ऐकलं आहे. माझं मागणं जमीन घेणाऱ्यांकडे आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कित्येकांनी नेरळ, कर्जत, चौक, खालापूर भागात जागा घेतली असेल किंवा घ्यायच्या विचारात असतील. भराव टाकण्याआधी जानेवारीतल्या एका सकाळी, उजाडता उजाडता, त्या जागेच्या सर्वांत सखल कोपऱ्यात जा. पायाखालून काही उठलं तर तेवढा कोपरा सखलच राहू द्या, नाल्याचं पाणी तिथे येत असेल तर येऊ द्या. आणि वहीत तारीख, गाव लिहून पुढे फक्त 'पाणलावा' लिहा. कोणता, ते पुढच्या हिवाळ्यात बघू.